बोट ठेवता येतील असे गुण

चित्राला गुण देतात तरी कसे, हा प्रश्न मला घरच्या कार्यात, सोसायटीच्या गणपतीत, कुठेही ऐकायला मिळतो. गणिताचं उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक. चित्राचं काय? तुम्हाला आवडलं म्हणून ८५ आणि दुसऱ्याला नाही आवडलं म्हणून ६०? मुलांच्या आईवडिलांच्या मनातही हीच शंका असते, फक्त शाळेत येऊन ते इतकं सरळ बोलत नाहीत. शंका रास्त आहे. म्हणून आयजीसीएसईच्या, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेच्या, कला विषयाचं कोर्सवर्क (मुलांनी वर्षभर केलेलं काम) आम्ही शाळेत कसं तपासतो, ते एकदा सविस्तर लिहावं असं मनात होतं.

एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झाल्यावर पहिली बरीच वर्षं मी पेठेतल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. तिथे चित्रकलेचं वर्ष म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांना पुण्यातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पेपर ठरलेले, वेळ ठरलेली, घंटा झाली की कागद असेल तसा द्यायचा. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ वाढीव गुण, बीला ५, सीला ३. या परीक्षांना नाकं मुरडणारे कलावंत मी पाहिलेत आणि मला ते कधीच पटलेलं नाही. मडक्याचं तोंड लंबवर्तुळात नीट कसं बसतं, कापडाच्या चुणीत सावली नेमकी कुठे गडद होते, हे ज्या मुलाने त्या वयात डोळ्यांनी शिकून घेतलं त्याला ते जन्मभर पुरतं. मात्र त्या परीक्षेत तपासणाऱ्याच्या पुढ्यात शेवटचा कागद येतो. मूल त्या कागदापर्यंत कुठून कुठून आलं ते त्याला दिसत नाही, आणि ते बघायला त्याला सांगितलेलंही नसतं.

पुढे मी बाणेरच्या बाजूला केंब्रिजचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळेत आले. इथे गोष्ट उलटी. अर्धे गुण कोर्सवर्कचे आणि अर्धे बाहेरून आलेल्या विषयावरच्या कामाचे. त्या दुसऱ्या भागात मुलं आधी तयारीची चित्रं करतात आणि मग देखरेखीखाली ८ तासांत शेवटची कलाकृती. कोर्सवर्कला असं घड्याळ नाही. रंगकाम, छापचित्रण, त्रिमित डिझाइन, फोटोग्राफी, ग्राफिक, वस्त्र यांपैकी एक क्षेत्र निवडायचं, त्यात एक विषय घ्यायचा आणि महिनोन्‌महिने त्याच्या मागे लागायचं. शेवटी द्यायचा तो पोर्टफोलिओ आणि एक फायनल कलाकृती. पोर्टफोलिओ जास्तीत जास्त चार ए-टू शीटचा, दोन्ही बाजू धरून आठ पानं. वर्षभराचं काम आठ पानांत! त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणं हाच एक मोठा अभ्यास होऊन बसतो.

अंतिम गुण केंब्रिजचे परीक्षक देतात. आमचे गुण शाळेपुरते. पण अकरावीच्या प्रवेशासाठी शाळा जी अंदाजित ग्रेड देते ती त्यांच्यावरूनच निघते, आणि मुलांच्या हातात थोडा वेळ उरलेला असताना त्यांना आरसा दाखवायची हीच एक संधी असते. त्यामुळे ‘आतलं तपासणं आहे, चालून जाईल’ असं आम्ही कधी म्हणत नाही.

गुणांची विभागणी चार उद्दिष्टांत, प्रत्येकी २५. शिक्षकांच्या बोलण्यात त्यांना एओ-वन, एओ-टू असंच म्हणतात. पहिलं नोंदीचं: मुलाने काय पाहिलं, काय टिपलं, आणि जे टिपलं त्याचा त्याच्या विषयाशी संबंध काय. दुसरं साधनांचं: कोणती माध्यमं हाताळून पाहिली आणि त्यांतून काय निवडलं. तिसरं विकासाचं: कल्पना जिथे सुरू झाली तिथून हलली का, आणि इतर कलावंतांचं काम समजून घेऊन ती हलली का. चौथं सादरीकरणाचं: शेवटी जे उभं राहिलं ते त्याचं स्वतःचं आहे का, एकसंध आहे का. प्रत्येक उद्दिष्टात पाच पायऱ्या, एकेका पायरीत पाच गुण.

हे वाचून सोपं वाटतं. खरी अडचण बसल्यावर कळते. एका पायरीचं वर्णन वाचलं की त्यात ‘समाधानकारक’च्या जातीचा शब्द असतो, वरच्या पायरीत ‘आत्मविश्वासपूर्ण’च्या जातीचा. आत्मविश्वास शीटवर कुठे दिसतो? नुसत्या विशेषणांवर विसंबलं तर दोन शिक्षकांची दोन मतं होणारच. म्हणून मुलांचं काम हातात घेण्याआधी केंब्रिजने गुणांसह प्रसिद्ध केलेले जुने नमुने आम्ही काढतो. त्यांवरचे गुण झाकायचे, आपापले गुण कागदावर लिहायचे आणि मग उघडून बघायचं. माझ्याबरोबर जे सर तपासतात ते मुळात उपयोजित कलेचे, त्यांची नजर मांडणीवर आधी जाते. माझी रेषेवर. नमुन्यांवर आमचा फरक पडला की तो कुठून आला ते बोलून घ्यायचं, मगच पुढे.

तपासायला आम्ही शनिवार धरतो, शाळा रिकामी असते म्हणून. हॉलमधले बाक भिंतीला लावून सगळी शीट जमिनीवर मांडतो. पंखे बंद, कारण टिश्यूवरचे ठसे उडतात. नावांवर कागदाची पट्टी चिकटवतो. वर्षभर वर्गात पाहिलेलं काम आपण ओळखतोच, पण नाव डोळ्यांसमोर नसलं की ‘हा किती गुणी मुलगा’ किंवा ‘हिने वर्षभर डोकं खाल्लं’ हे विचार जरा मागे राहतात.

मग एका वेळी एकच उद्दिष्ट. एका मुलाचे चारही गुण एका बैठकीत द्यायचे नाहीत, हा मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम वाटतो. एखाद्या शीटवर एक विलक्षण चित्र असलं की त्याचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. साधनांचे प्रयोग नसले तरी आहेत असं वाटायला लागतं. आधी सगळ्यांचं फक्त एओ-वन बघायचं. चालत जायचं, वाकायचं, परत यायचं, आणि शीट उचलून चढत्या क्रमाने लावायची. दोन शेजारच्या शीटमध्ये जास्त चांगलं कुठलं एवढंच विचारलं तर उत्तर बऱ्याचदा सहज येतं. थेट १७ की १८ असं विचारलं तर येत नाही. क्रम लागला की मग गुण. त्यानंतर सगळं विस्कटायचं आणि एओ-टूसाठी नव्याने लावायचं. नोंदीत पहिलं आलेलं मूल साधनांत मधे कुठे तरी जाऊन बसतं, तेव्हा आपलं काम नीट चाललंय असं समजावं.

सर आणि मी गुण वेगवेगळे लिहितो, एकमेकांचा कागद न बघता. तीन गुणांहून जास्त फरक आला की दोघांनी त्या शीटपाशी उभं राहायचं. तिथे बोलायचा एकच नियम: जो गुण दिलाय त्यावर बोट ठेवून दाखवा. ‘एकंदरीत छान आहे’, ‘तिची समज चांगली आहे’ हे चालत नाही. समज कुठे दिसते, ती रेघ, तो ठसा, ती खोडलेली कल्पना दाखवा. दाखवता आली तर गुण राहतो. नाही दाखवता आली तर खाली येतो, मग मूल कितीही आवडतं असो.

यंदा एका मुलीने तांबट आळी घेतली होती. कसबा पेठेतली ही आळी आपल्या सगळ्यांना नावाने माहीत असते, पण तिथे जाऊन उभं राहिलेले थोडे. आतून तांब्यावर हातोडी पडत असते. पेशवाईत इथे स्थिरावलेल्या कारागिरांची ही वस्ती. बंब, घंगाळी, हंडे त्यांच्या हातून गेले, आता गिऱ्हाईक जे मागेल ते होतं. भांड्यावर हातोडीचे एकसारखे खळगे पाडत जातात त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्र्याला बळकटी येते आणि चमकही. मुलीला त्या खळग्यांनी वेड लावलं.

तिच्या पहिल्या शीटवर बोरूने काढलेली स्केचेस होती. कारागीर काही तिच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे एकाच खांद्यातून तीन-तीन हात निघालेले: वर गेलेला, मधला, पडलेला. शाई ओघळलेली. दुसऱ्या बाजूला पातळ कागद भांड्यावर ठेवून पेन्सिलने घासून घेतलेले ठसे, आणि प्रत्येकाखाली कुठल्या हातोडीचा ठसा ते लिहिलेलं. मग प्रयोग. तांब्याचा पत्रा घेऊन पाहिला. महाग पडला आणि तिच्या हाताने तो वाकेचना. मग मिलबोर्डवर ॲल्युमिनियमची फॉइल डकवून तिच्यावर खिळ्याच्या डोक्याने ठोकत तिने छापायची प्लेट बनवली. पहिल्या छापांत शाई खळग्यांत भरून नुसता काळा डाग उठला होता. तेही तिने शीटवर ठेवलं होतं, शेजारी पातळ केलेल्या शाईचा छाप आणि दोन ओळी. कलावंत म्हणून तिने छापचित्रकार कृष्णा रेड्डी घेतले होते. रेड्डी मुळात शिल्पकलेत तयार झालेले, आणि पॅरिसच्या ‘आतल्ये १७’ या छापचित्रांच्या कार्यशाळेत छापाच्या प्लेटला त्यांनी शिल्पासारखं वागवलं: ती खोदायची, घासायची, तिच्यात उंच-सखल पातळ्या आणायच्या आणि वेगवेगळ्या दाटपणाच्या शाया एकाच वेळी छापायच्या. मुलीने रेड्डींच्या चित्राची नक्कल केली नव्हती. त्यांच्याकडून तिने एक गोष्ट उचलली, प्लेटला उंची असते ही, आणि पुढच्या प्लेटला तिने खालून पुठ्ठ्याचे थर दिले.

याच पोर्टफोलिओत आळीचं एक मोठं रेखाटन होतं आणि ते कच्चं होतं. पर्स्पेक्टिव्ह चुकलेलं, घरं एकमेकांवर पडणारी. एओ-वनला सरांनी १९ लिहिले होते, मी २३. उभे राहिलो. सरांनी त्या गल्लीच्या चित्रावर बोट ठेवलं. “मॅडम, निरीक्षण म्हणताय ना? हे बघा. पायरी उंबऱ्याच्या वर गेलीय.” खरंच गेली होती. मी खांद्यातून निघालेल्या तीन हातांवर बोट ठेवलं. उद्दिष्टात लिहिलंय की नोंदी हेतूशी संबंधित हव्यात. तिचा हेतू गल्ली नाही, ठोका आहे. ठोक्याची नोंद इतक्या कमी रेषांत आणि इतक्या नेमकेपणाने केलेली त्या हॉलमध्ये दुसरीकडे नव्हती. सर पुन्हा खाली बसले, ठशांची बाजू उलटून पाहिली, हातोडीच्या नोंदी वाचल्या. २१ ठरले. सर्वांत वरची पायरी, पण तिचं तळाचं टोक. गल्लीचं चित्र तिने का ठेवलं, असा प्रश्न सरांनी लिहून ठेवला आणि तो योग्य होता. आठ पानांत त्याने अर्धं पान खाल्लं होतं.

दुसरं काम नेमकं याच्या विरुद्ध. विषय म्हातारपण. पेन्सिलमध्ये चेहरे, एकेक सुरकुती, डोळ्यातलं पाणी, दाढीचा प्रत्येक केस. हॉलमध्ये शिरणारा कुणीही त्याच्यापाशी थांबला असता. मुलगा लहानपणापासून बाहेर क्लासला जातो आणि त्याचा हात खरोखर तयार आहे. पण फेटेवाला म्हातारा, नथ घातलेली आजी, चिलीम ओढणारा साधू हे सगळे पिंटरेस्टवरचे. ज्यांच्याकडे पाहून चित्रं काढली त्यांतला एकही माणूस त्याने डोळ्यांनी पाहिलेला नाही. पहिल्या पानावरचा चेहरा आणि आठव्या पानावरचा चेहरा अदलाबदल केला तर काही बिघडत नाही. माध्यम एकच. कलावंत म्हणून व्हॅन गॉगचं चरित्र छापून डकवलेलं, जन्म १८५३, मृत्यू १८९०, आणि खाली ‘स्टॅरी नाइट’. म्हातारपणाशी त्याचा काय संबंध ते पानावर नाही.

मला वाईट वाटतं ते अशा कामाचं. एवढं हातात असलेलं मूल आणि त्याला कुणी सांगितलंच नाही की तुझं पाहणं हवंय. क्लासमध्ये त्याला शाबासकी मिळाली ती हुबेहूबपणाला, घरी मिळाली ती हुबेहूबपणाला, वर्गात आम्ही कितीही सांगितलं तरी तो परत तिथेच जाणार. नोंदींचे गुण त्याला आम्ही दिले, कारण छायाप्रकाशाची पकड खरी होती, पण मधल्या पायरीत. विकासाला दोघांनीही स्वतंत्रपणे दुसरी पायरी लिहिली होती, म्हणजे ६ ते १०च्या मधली. मग सरांना शेवटच्या शीटच्या कोपऱ्यात तळहाताएवढं एक चित्र सापडलं. बशी धरलेला हात. अंगठा दोनदा खोडून परत काढलेला, नखाच्या कडेला रेष थबकलेली. खाली लिहिलेलं, ‘आजोबा, सकाळ’. बाकी चेहऱ्यांच्या मानाने ते अगदी साधं होतं. पण त्या पोर्टफोलिओतली समोर बसून केलेली नोंद ती एकटीच, आणि आम्ही तिच्यावर बोट ठेवून एओ-वनचा एक गुण वाढवला. एका छोट्या चित्राला एकाहून जास्त देता येत नाही, याचंही दुःख झालं.

त्याचे वडील भेटायला आले. आवाज चढवला नाही, पण दुखावलेले होते. “एवढं हुबेहूब तुमच्या वर्गात दुसरं कोण काढतं, दाखवा.” कुणी काढत नाही, हे मी मान्य केलं. शीट त्यांच्यासमोर पसरली, उद्दिष्टं मराठीत समजावून सांगितली, एकेक गुण कुठे आहे ते दाखवलं. आजोबांच्या हाताचं चित्र दाखवलं तेव्हा ते जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, “हे माझे वडील.” पण निघताना त्यांचं मत तेच होतं, की सुंदर चित्राला कमी गुण देणारी पद्धत चुकीची आहे. ते समाधानाने गेले असं मी म्हणणार नाही. माझी बाजू मात्र ठाम आहे: छायाचित्रावरून छायाचित्रासारखं काढणं हे कौशल्य आहे आणि त्याचे गुण आम्ही दिले. न केलेल्या शोधाचे गुण कौशल्याच्या खात्यातून देता येत नाहीत.

तिसऱ्याची गोष्ट निराळी. फोटोग्राफी घेतलेला मुलगा, विषय पावसाळ्यातल्या पीएमपी बसच्या खिडक्या. कात्रजहून शाळेत यायचं म्हणजे बसमध्ये त्याचा बराच वेळ जातो. काचेवरचं पाणी, पलीकडचे लाल दिवे, काचेला टेकलेलं कपाळ. मोठ्या आकाराच्या देखण्या प्रिंट, पानावर भरपूर मोकळी जागा. आणि एओ-टू, एओ-थ्री जवळपास रिकामं, कारण पानावर फक्त निवडलेले फोटो. त्याला बोलावून विचारलं तर त्याने फोन उघडला आणि आतमध्ये सगळं होतं: शेकडो फोटो, फोकस काचेवर ठेवून, मग बाहेरच्या दिव्यावर ठेवून, शटर मंद करून दिव्यांच्या रेघा झालेल्या, एकाच प्रवाशाचे पाठोपाठचे फोटो आणि त्यांतला कुठला का घेतला यावर स्वतःला पाठवलेले मेसेज. हे शीटवर का नाही? “सर, ते खराब फोटो आहेत ना.” शाळा आणि समाजमाध्यमं दोन्हींनी त्याला शिकवलंय की खराब दिसू द्यायचं नाही.

परीक्षक फोन उघडून बघणार नाही. जे आठ पानांवर आहे तेवढंच आहे. इथे शिक्षक म्हणून जपून बोलावं लागतं. काम मुलाचं आहे. कुठला फोटो कुठे लाव, हे मी सांगायचं नाही. फोकसचा निर्णय तू कसा घेतलास ते मला पानावर दिसत नाही, एवढं सांगायचं आणि थांबायचं. त्याने दोन प्रिंट काढून टाकल्या आणि छोट्या फोटोंच्या पट्ट्या लावल्या, नाकारलेल्यांवर लाल फुली आणि कारण. पान पूर्वीइतकं देखणं राहिलं नाही. पण आता त्याच्यावर बोट ठेवायला जागाच जागा होती.

वस्त्र घेतलेल्या एका मुलीचं काम बघताना आम्हा दोघांचे गुण चारही उद्दिष्टांत जवळजवळ सारखे आले, असं क्वचित होतं. तिने पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते घेतले होते. दिनकर केळकरांनी जमवलेल्या आणि राज्य सरकारकडे सुपूर्त केलेल्या त्या वीस हजारांवर वस्तूंत मुलं सहसा वाद्यांपाशी किंवा मस्तानी महालापाशी रेंगाळतात. ही अडकित्त्यांच्या कपाटासमोर बसली. मोराच्या आकाराचा अडकित्ता मिटलेला, अर्धा उघडा, पूर्ण उघडा, अशी रेखाटनं. मग त्यातला नुसता उघडणारा कोन. मग त्या कोनाची पुनरावृत्ती करून लाकडी ठोकळ्याचा छाप, सुती कापडावर. कुठून कुठे आली ते पानागणिक वाचता येत होतं. तिची टिपणं मोडक्या इंग्रजीत होती. चार उद्दिष्टांत व्याकरणाचे गुण नाहीत, त्यामुळे तिथे लाल पेन आम्ही उचललंच नाही.

काम मुलाचंच आहे याची खात्री शिक्षकाने द्यायची असते, आणि त्याबाबत आम्ही वर्षभर सावध असतो. घरून एकदम पूर्ण होऊन आलेलं शीट, ज्याची सुरुवात वर्गात कुणी पाहिली नाही, ते आलं की मी मुलाला समोर बसवून त्याच माध्यमात छोटंसं काही करायला सांगते. ओरडायचं नाही, संशय दाखवायचा नाही. नुसतं सोबत काम करायचं. खरं काय ते हात लगेच सांगतो. एआयने बनवलेल्या प्रतिमा आता संदर्भ म्हणून शिरायला लागल्यात. बाहेरून घेतलेली प्रतिमा कुठून घेतली ते तिच्याखाली लिहायचं, हा नियम आम्ही त्यांनाही लावतो. लिहिलं तरी प्रश्न उरतो, की तिच्यात मुलाने पाहिलेलं काय आहे? बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि मग एओ-वनला तिचा काही उपयोग होत नाही.

संध्याकाळी, सगळे गुण लिहून झाल्यावर, सकाळी पहिल्यांदा तपासलेली कामं आम्ही परत बघतो. डोळे थकतात तसा हात एक तर कडक होतो नाही तर सैल. माझा सैल होतो, हे आता माहीत असल्यामुळे शेवटच्या तीन-चार पोर्टफोलिओंवर सरांचा शब्द जरा जास्त चालतो. मग पट्ट्या काढून नावं बघायची आणि बेरीज करायची. बेरीज पाहून आश्चर्य वाटलं तरी गुण बदलायचे नाहीत. शीटपाशी परत जायचं असेल तर उद्दिष्ट आणि जागा सांगून जायचं. ‘हिला एवढे कमी कसे?’ हे कारण चालत नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांना एकेकटं बोलावून गुण सांगितले. तांबट आळीवाल्या मुलीने गल्लीचं चित्र स्वतःहून काढलं. म्हातारपणवाल्या मुलाने एक अख्खं शीट बदललं. आजोबांचे हात, चष्मा, पायातल्या वहाणा, सगळं घरात बसून केलेलं. साधूंची तीन पानं तशीच राहिली. तेवढाच वेळ होता आणि त्या चित्रांवर त्याने घातलेले तास मला दिसत होते, त्यामुळे मीही ताणलं नाही. त्याचा विकासाचा गुण पुढच्या पायरीत गेला, फार वर नाही.

या जूनपासून नवीन मुलांसाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. दिवाळीपर्यंत ए-टू शीट कपाटातून काढायचीच नाहीत. सगळं सुट्या कागदांवर, आणि फसलेला प्रत्येक कागद तारीख घालून फाइलमध्ये. फोटोवाल्यांनी दर शुक्रवारी नाकारलेल्या फोटोंची एक पट्टी छापून आणायची. आणि पहिल्याच पालकसभेत, मुलांची परवानगी घेऊन, जुने दोन पोर्टफोलिओ शेजारी-शेजारी लावायचे: एक घोटीव, एक शाईने माखलेला. पालकांच्या हातात चार उद्दिष्टांचा मराठी कागद द्यायचा आणि त्यांनाच एओ-वनचे गुण लिहायला सांगायचे, बोट ठेवून. म्हातारपणवाल्या मुलाच्या वडिलांनाही बोलावलंय. यायचं कबूल केलंय त्यांनी.